८०८५ साठी घरचा असेंबलर: पुढे येणाऱ्या लेबलचं काय करायचं?

तारतंत्री (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

मी कागलच्या एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा होऊन बराच काळ लोटला, पण ८०८५ (इंटेलचा जुना ८-बिट मायक्रोप्रोसेसर) वरचा जीव काही कमी झाला नाही. मध्यंतरी एक जुनं ट्रेनर किट हाती लागलं. हेक्स कीपॅड, सहा आकड्यांचा लाल डिस्प्ले, ६.१४४ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, २०००एच पासून रॅम. पॉवर सप्लाय नवा बसवला, आणि आता रात्री जेवणं आटोपली की मी तासभर त्याच्यापाशीच असतो.

प्रोग्रॅम अजून डिप्लोमाच्या जर्नलमध्ये लिहायचो तसेच वहीत लिहितो. पाच रकाने: पत्ता, हेक्स कोड (सूचनेचा आकडी कोड, म्हणजे ओपकोड), लेबल (पत्त्याला दिलेलं नाव), निमोनिक (सूचनेचं आखूड नाव), शेरा. आधी उजवीकडचे तीन रकाने पूर्ण करायचे. मग ओपकोड शीट शेजारी ठेवून हेक्स भरायचा, पत्ते टाकत खाली जायचं. जम्पपुढची (दुसऱ्या पत्त्यावर उडी मारणाऱ्या सूचनेपुढची) जागा कोरी ठेवायची आणि शेवटी वर येऊन भरायची.

हे सगळं करणारा, म्हणजे निमोनिकांचे हेक्स कोड बनवणारा असेंबलर मला स्वतः लिहायचाय. तयार असेंबलर आहेत हे माहीत आहे, जीएनयूसिम८०८५ लॅपटॉपवर आहेच. पण कुठली बाइट कुठून आली हे मला माझ्या कोडमध्ये बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे, त्यासाठीच हा खटाटोप. तेव्हा "तयार वापरा" हा सल्ला कृपया नको.

पायथनमध्ये इथवर आलोय: ओळ वाचतो, अर्धविरामापासून पुढचा शेरा काढतो, उरलेलं डिक्शनरीत शोधतो. डिक्शनरीत सगळे २४६ ओपकोड आहेत. 'मूव्ह ए,बी' ही अख्खी की, ७८ ही तिची किंमत. सरळसोट प्रोग्रॅम नीट होतात. ५ आणि ७ ची बेरीज दिली तर ३ई ०५ ०६ ०७ ८० ७६ अशा सहा बाइट बाहेर पडल्या, किटवर टाकल्या, ॲक्युम्युलेटरमध्ये (ए रजिस्टरमध्ये) ०सी (म्हणजे १२) आलं. फार आनंद झाला.

अडलंय ते जम्पपाशी. लेबल मागे येऊन गेलं असेल तर पत्ता हातात असतो. पण 'जेझेड संपलं' (उत्तर शून्य आलं तर 'संपलं' या लेबलकडे उडी) लिहिलं आणि 'संपलं' पंधरा ओळी खाली असेल, तर त्या दोन बाइटमध्ये काय लिहायचं? फाइल दोनदा वाचायची की जागा सोडून नंतर भरायची? दुसरं म्हणजे, २४६ नोंदींची डिक्शनरी ही पद्धत पुढे टिकेल का? आणि तयार झालेला कोड किटमध्ये कसा घालायचा? माझ्या किटला सीरियल पोर्ट नाही, फक्त कीपॅड.

---

शून्यपान

छान उद्योग आहे. जागा सोडून नंतर भरा. दोन ठिकाणी ०० ०० लिहा, "या पत्त्यावर 'संपलं' हवं आहे" अशी नोंद एका यादीत ठेवा, आणि लेबल सापडलं की मागे जाऊन भरा. एकाच वाचनात काम होतं. शेवटी यादीत काही उरलं तर ते लेबल प्रोग्रॅममध्ये नाहीच, एरर द्या.

डिक्शनरी चालतेय ना? मग राहू द्या.

---

भोसरीकर

तारतंत्री, मी भोसरीत कंट्रोलर बोर्डांचं फर्मवेअर लिहितो. घरी लिहिलेला ८०८५ असेंबलर माझ्याकडे आहे आणि तो रोजच्या वापरातला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शून्यपान यांची पद्धत चालते, पण तुमच्यासाठी दोन फेऱ्याच बऱ्या, असं माझं ठाम मत आहे. त्या तुम्ही जर्नलमध्ये करतच आला आहात. पत्ते टाकत खाली जाणं ही पहिली फेरी, कोऱ्या जागा भरणं ही दुसरी. ८०८५ वर हे सोपं जातं, कारण निमोनिक वाचलं की सूचना १, २ की ३ बाइटची ते कळतं. ऑपरंडची किंमत माहीत असायची गरज नाही. 'जेएनझेड' म्हणजे ३ बाइट, लेबल मागे असो वा पुढे. त्यामुळे पहिल्या फेरीत एकही बाइट न बनवता सगळे पत्ते पक्के होतात.

पाच आकड्यांच्या बेरजेचा प्रोग्रॅम घेऊ. लेबलं मुद्दाम मराठीत ठेवतोय.

२०००   २१ १० २०   एलएक्सआय एच, यादी
२००३   ०ई ०५   एमव्हीआय सी, ०५एच
२००५   एएफ   एक्सआरए ए
२००६   ८६   फेरी: एडीडी एम
२००७   २३   आयएनएक्स एच
२००८   ०डी   डीसीआर सी
२००९   सी२ ०६ २०   जेएनझेड फेरी
२००सी   ३२ १५ २०   एसटीए बेरीज
२००एफ   ७६   एचएलटी
२०१०   ०१ ०२ ०३ ०४ ०५   यादी: डीबी १,२,३,४,५
२०१५   बेरीज: डीएस १

पहिल्या फेरीत फक्त एक काउंटर पुढे सरकतो. ओआरजीमुळे (सुरुवातीचा पत्ता सांगणारी, वर न दाखवलेली ओळ) तो २००० ला सुरू झाला. ३ मिळवले, २ मिळवले, १ मिळवला. वाटेत लेबल दिसलं की काउंटरची त्या क्षणीची किंमत सिम्बॉल टेबलमध्ये टाकायची. फेरी संपली तेव्हा टेबलमध्ये तीनच नोंदी आहेत: फेरी २००६, यादी २०१०, बेरीज २०१५. दुसऱ्या फेरीत पहिल्याच ओळीला 'यादी' लागते. ती खाली आहे, पण पत्ता हातात आहे. खालची बाइट आधी लिहायची, म्हणून १० मग २०. झालं.

एक सावधगिरी पहिल्या दिवसापासून ठेवा. ओआरजी, ईक्यूयू (नावाला किंमत देणारी ओळ) आणि डीएस (जागा राखणारी ओळ) यांची किंमत पहिल्या फेरीतच लागते, कारण काउंटर तिच्यावर हलतो. 'डीएस आकार' लिहिलं आणि 'आकार' खाली कुठेतरी ईक्यूयूने ठरत असेल, तर तिथेच स्पष्ट एरर देऊन थांबवा. शून्य धरून पुढे गेलात तर त्याखालचे सगळे पत्ते सरकतील, एरर मात्र एकही दिसणार नाही. याच कारणासाठी दुसऱ्या फेरीतही प्रत्येक लेबलपाशी काउंटर टेबलशी ताडून पाहा. दोन्ही फेऱ्यांचा हिशोब जुळत नसेल तर असेंबलरमध्ये दोष आहे, आणि तो असा लगेच पकडला जातो.

आता डिक्शनरी. इथे मी शून्यपान यांच्याशी सहमत नाही. अख्खी ओळ ही की ठेवली तर 'मूव्ह ए, बी' मध्ये स्वल्पविरामानंतर एक स्पेस आली की गाडी अडणार. ते स्पेस काढून टाकून निभेल. खरं नुकसान वेगळं आहे: ओपकोडची आतली रचना तुम्हाला दिसत नाही, आणि तुम्ही हे समजून घ्यायला करताय म्हणून सांगतो.

रजिस्टरांना (प्रोसेसरमधल्या साठवणीच्या जागांना) क्रमांक द्या: बी ०, सी १, डी २, ई ३, एच ४, एल ५, एम (म्हणजे एच-एल मधल्या पत्त्यावरची मेमरी) ६, ए ७. मूव्हचा ओपकोड म्हणजे ४०एच, अधिक जिथे न्यायचं त्या रजिस्टरचा क्रमांक गुणिले ८, अधिक जिथून आणायचं त्याचा क्रमांक. 'मूव्ह बी,सी' ४१. 'मूव्ह ए,एम' करून पाहा, ७ई येतो. एमव्हीआय म्हणजे ०६ अधिक क्रमांक गुणिले ८, म्हणून बी साठी ०६ आणि ए साठी ३ई. एडीडी ८० पासून, एसयूबी ९० पासून, सीएमपी बी८ पासून, प्रत्येकात फक्त क्रमांक मिळवायचा. अटीच्या जम्पही तशाच: एनझेड सी२, झेड सीए, एनसी डी२, सी डीए, आठ-आठच्या उड्या.

आणि आता 'मूव्ह एम,एम' काढा: ४०एच अधिक ३०एच अधिक ६, म्हणजे ७६. ७६ म्हणजे तर एचएलटी! मेमरीतून त्याच मेमरीत हलवण्याला अर्थ नाही, म्हणून इंटेलने ती जागा हॉल्टला दिली. ओपकोड शीटवर मूव्हच्या चौकोनात मधेच एचएलटी का बसलाय, ते हे गणित केलं की समजतं. तुमच्या असेंबलरने 'मूव्ह एम,एम' ला एरर दिलीच पाहिजे, नाहीतर तो मुकाट्याने हॉल्ट लिहून मोकळा होईल.

तेव्हा टेबल ठेवा, पण निमोनिकचं: नाव, मूळ ओपकोड, ऑपरंड कुठल्या जातीचे, लांबी. ऐंशीच्या आसपास ओळी होतील आणि लांबी तिथेच असल्याने पहिली फेरी त्याच टेबलवर चालेल.

आकड्यांचा एक नियम इंटेलच्या असेंबलरप्रमाणेच ठेवा: हेक्स आकडा ० ते ९ ने सुरू झाला पाहिजे. 'बीसीएच' लिहिलं तर ते लेबल की संख्या? '०बीसीएच' म्हटलं की प्रश्न मिटला.

तपासायचं कसं, हे कोणी विचारत नाही म्हणून मीच सांगतो. सगळ्या सूचना ओपकोडच्या क्रमाने एका फाइलमध्ये लिहा, एनओपीपासून आरएसटी ७ पर्यंत. ऑपरंडच्या बाइट सोडून पहिल्या बाइट वाचत गेलात तर ०० ते एफएफ चढता क्रम दिसला पाहिजे, मध्ये फक्त दहा जागा रिकाम्या: ०८, १०, १८, २८, ३८, सीबी, डी९, डीडी, ईडी, एफडी. दुसरी तपासणी, सीपी/एम या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमचा एएसएम असेंबलर एम्युलेटरवर चालवून त्याच्या हेक्स फाइलशी आपली ताडा. तो ८०८५ च्या आधीच्या ८०८० चा आहे, त्यामुळे आरआयएम आणि एसआयएम या ८०८५ च्या सूचना त्याला ठाऊक नाहीत. तिथे डीबी २०एच आणि डीबी ३०एच लिहा.

अवांतर: १९४९ साली केंब्रिजच्या एडसॅक संगणकासाठी डेव्हिड व्हीलर यांनी लिहिलेल्या 'इनिशियल ऑर्डर्स' म्हणजे या कामाचा जवळजवळ आरंभ. कागदी पट्टीवरचं सूचनेचं अक्षर आणि दशमान पत्ता वाचून त्याचं बायनरी करून मेमरीत ठेवायचं, हे सगळं ३१ शब्दांत. आपल्या हाताशी तर अख्खं पायथन आहे.

---

शून्यपान

मूव्ह एम,एम चा मुद्दा आवडला. टेबलाबाबत माझं मत मागे घेतो.

फक्त एक भर. "निमोनिकवरून लांबी कळते" हे ८०८५ चं सुख आहे, सगळीकडे मिळत नाही. मी ६५०२ (दुसरा एक जुना प्रोसेसर) वाला. तिथे 'एलडीए पत्ता' ही सूचना पत्ता पहिल्या २५६ बाइटमधला असेल तर २ बाइटची, नाहीतर ३ ची. लेबल पुढे असेल तर पहिल्या फेरीत लांबीच माहीत नाही. अशा वेळी पहिल्या फेरीत ३ धरायचे आणि दुसऱ्या फेरीत पत्ता लहान निघाला तरी ३ च ठेवायचे, हा साधा तोडगा. एक्स८६ च्या जम्पमध्ये हेच दुखणं जास्त वाढतं: −१२८ ते +१२७ च्या आत असेल तर २ बाइट, पलीकडे मोठी सूचना. सगळ्या जम्प आखूड व्हायला हव्या असतील तर पत्ते स्थिर होईपर्यंत फेऱ्या मारत राहावं लागतं. म्हणून फेरी हे वेगळं फंक्शन ठेवा, उद्या दुसऱ्या प्रोसेसरकडे वळलात तर तेवढंच बदलेल.

---

तारतंत्री

दोघांचे मनापासून आभार. रात्री बसून दोन फेऱ्या केल्या. भोसरीकर यांचा प्रोग्रॅम इंग्रजी लेबलं घालून दिला आणि बाइट न् बाइट जुळली. किटवर २०१५ ला ०एफ आलं. 'मूव्ह एम,एम' लाही एरर येते.

पण भोसरीकर यांची मराठी लेबलं तशीच ठेवली तर असेंबलर पहिल्याच लेबलला अडतो. 'फेरी:' मधून फक्त 'फ' हाती येतो, 'यादी:' मधून 'य'. लेबल ओळखायला रेगेक्समध्ये (मजकुराचा नमुना शोधायची पद्धत) \ डब्ल्यू+ वापरलंय. मराठी लेबलं मला मनापासून हवी आहेत. माझी पुतणी आठवीत आहे, ती शेजारी बसून बघते आणि 'फेरी' वाचल्यावर तिला ती ओळ काय करते ते न सांगता कळलं. हे जमण्यासारखं आहे का?

---

अर्धा_र

जमतं, आणि जमवाच. मराठी मजकुराची प्रक्रिया हेच माझं रोजचं काम आहे, त्यामुळे हा प्रश्न ओळखीचा आहे.

पायथनच्या रेगेक्समधला तो डब्ल्यू अक्षरं, अंक आणि अंडरस्कोअर एवढंच धरतो. 'फ' अक्षर आहे. त्यावरची मात्रा युनिकोडच्या लेखी अक्षर नाही, जोडचिन्ह आहे. म्हणून मात्रेपाशी तुटतं. हलन्तापाशीही तुटेल. लेबलसाठी रेगेक्स सोडा. आधी शेरा काढा, मग ओळ की-बोर्डावरच्या कोलनवर तोडा आणि डावा भाग आयझआयडेंटिफायरने (नाव वैध आहे का ते सांगणारं पायथनचं फंक्शन) तपासा. त्याला मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळं चालतं. (देवनागरी विसर्ग ः हे वेगळं चिन्ह आहे. मराठी कळफलकावर चुकून तो टाइप झाला तर एररमध्ये तसं सांगा, डोळ्यांना फरक दिसत नाही.)

खरी अडचण पुढे आहे. 'दुसऱ्या_फेरीत' असं लेबल लिहिलंत तर ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो. एक, ऱ (यू+०९३१), हलन्त, य. दुसरा, साधा र (यू+०९३०), हलन्त, मग झेडडब्ल्यूजे हे अदृश्य चिन्ह (यू+२००डी), मग य. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. एका ठिकाणी एक कळफलक आणि दुसऱ्या ठिकाणी दुसरा वापरला, की असेंबलर म्हणणार "असं लेबल नाही", आणि तुम्ही समोर ते लेबल बघत बसणार. शिवाय झेडडब्ल्यूजे असलेलं लेबल आयझआयडेंटिफायर नाकारतो.

युनिकोडडेटा मॉड्यूलमधलं एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगळी रूपं सारखी करणं) आधी करा. र आणि नुक्ता असे वेगळे आले असतील तर त्याने एकच ऱ होतो. झेडडब्ल्यूजेचं रूप मात्र एनएफसी बदलत नाही, ते स्वतः बदलावं लागतं: र, हलन्त, झेडडब्ल्यूजे हा तुकडा दिसला की त्याजागी ऱ, हलन्त घाला. हे फाइल वाचल्या वाचल्या करा, दोन्ही फेऱ्यांच्या आधी, म्हणजे टेबलमध्ये एकच रूप जाईल. लिस्टिंगमध्ये मात्र मूळ ओळ जशीच्या तशी छापा.

आकड्यांची चिंता नको. पायथनचं इंट फंक्शन देवनागरी आकडे आपणहून वाचतं, हेक्समध्येही. '५०' लिहा की पन्नासच. आकडा आहे का हे बघायला आयझडेसिमल वापरा.

पुतणीला सांगा, शेरेही मराठीतच लिहायचे.

---

भोसरीकर

अर्धा_र, हे मला पूर्ण नवं होतं. माझ्या असेंबलरमध्येही आजच घालतो.

तारतंत्री, किटचा प्रश्न राहिला होता. सीरियल पोर्ट नसला तरी ८०८५ ला स्वतःचा एक आहे: पाय ५ वर एसआयडी (आत येणारी बिट), पाय ४ वर एसओडी (बाहेर जाणारी). आरआयएम ही सूचना दिली की एसआयडीवरची स्थिती ॲक्युम्युलेटरच्या सगळ्यात वरच्या बिटमध्ये येते, आरएएल केलं की ती कॅरीत. ५ व्होल्टचा यूएसबी-टीटीएल ॲडाप्टर घ्या, त्याचा टीएक्स एसआयडीला, ग्राउंड ग्राउंडला. एसआयडी किटवर कुठे बांधलाय का ते आधी मीटरने बघा.

वेग १२०० बॉड (सेकंदाला १२०० बिट) ठेवा. ६.१४४ चा क्रिस्टल आत निम्मा होतो, ३.०७२ मेगाहर्ट्झ. त्याला १२०० ने भागा, एका बिटला बरोबर २५६० टी-स्टेट (घड्याळाचे ठोके) येतात, अपूर्णांक नाही. डीसीआरचे ४ आणि परत उडी मारणाऱ्या जेएनझेडचे १० असा १४ चा डिले लूप, साधारण १८० वेळा, म्हणजे एका रजिस्टरमध्ये मावतो. बाकीच्या सूचनांचे टी-स्टेट त्यातून वजा करा. स्टार्ट बिट खाली गेला की दीड बिट थांबा, मग प्रत्येक बिटच्या मधोमध वाचा. सुरुवातीला डीआय (इंटरप्ट बंद) द्या, नाहीतर कीपॅडचा इंटरप्ट मधे येऊन वेळ बिघडवेल.

हा लोडर छोटा आहे, किट चालू केल्यावर एकदा कीपॅडने टाकायचा. त्याला इंटेल हेक्स (बाइट मजकूररूपात लिहिलेली फाइल) वाचायला लावू नका, आधी दोन बाइट लांबी आणि मग नुसत्या बाइट, एवढंच पाठवा. इंटेल हेक्स मात्र असेंबलरमधून काढाच, सिम्युलेटर आणि ईप्रॉम प्रोग्रॅमर दोघांना लागतो. तुमच्या ५ अधिक ७ चा रेकॉर्ड असा होईल:

:०६२०००००३ई०५०६०७८०७६९४

०६ बाइटची संख्या, २००० पत्ता, ०० म्हणजे डेटा, मग त्या सहा बाइट. शेवटचे ९४ म्हणजे चेकसम: आधीच्या सगळ्या बाइटची बेरीज १६सी, तिची खालची बाइट ६सी, ती १००एच मधून वजा. वाचणाऱ्याने सगळं मिळवलं की खालची बाइट ०० आली पाहिजे.

---

तारतंत्री

एसआयडी माझ्या किटवर थेट ग्राउंडला बांधलेला निघाला. तो ट्रॅक कापून तिथे जम्पर बसवतो. ऱ्य ची दोन्ही रूपं एका फाइलमध्ये मुद्दाम मिसळून दिली, आता एकच लेबल धरलं जातं. पुतणीने 'दुसऱ्या_फेरीत' हेच नाव तिच्या प्रोग्रॅममध्ये ठेवलंय.

एक शेवटचं विचारतो: मॅक्रो (एका नावाने अनेक ओळी घालायची सोय) आत्ता घ्यावेत का?

---

भोसरीकर

आत्ता नको. त्याआधी 'यादी+३' आणि 'संपलं−यादी' अशी पदावली ऑपरंडमध्ये चालू करा. 'एमव्हीआय सी, बेरीज−यादी' लिहिता आलं की यादीत आकडे वाढवले तरी वरची ०५ हाताने बदलावी लागणार नाही. मॅक्रोला पदावली लागतेच, तेव्हा ती आधी. आणि एका एररवर थांबू नका, ओळ क्रमांकासकट सगळ्या एरर एकदम दाखवा. लोडरचा सोर्स तयार झाला की इथेच टाका, टी-स्टेट मी मोजून देतो.